मुलाचा राग आणि काकांचा आजार: लहान वयात बायपोलरच्या खुणा कशा ओळखाव्यात

एका आईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. माझ्या धाकट्या दिरांना बायपोलर डिसऑर्डर आहे, बरीच वर्षं लिथियमची गोळी चालू आहे आणि ते छान स्थिर आहेत. मुलगा लहानपणापासून तापट. मनासारखं झालं नाही की वस्तू फेकतो, ओरडतो, कधी मारायला धावतो. अर्ध्या तासाने काही झालंच नाही असा हसत येतो. एका जागी बसत नाही, बडबड अखंड. सासूबाई म्हणतात, 'हा काकावर गेलाय.' इंटरनेटवर वाचलं तर सगळी लक्षणं जुळतात. इतक्या लहानपणी हा आजार असतो का? सुरुवातीच्या खुणा कोणत्या? आत्ताच औषध सुरू केलं तर पुढचं टळेल का? आणि त्याला काकांच्या आजाराबद्दल सांगावं का?"

ताई, आधी तुमच्या मुलाचं बोलू, मग आजाराचं.

नुसत्या मजकुरावरून कुणाचंही निदान करता येत नाही आणि करूही नये. तरी तुम्ही जे लिहिलंय त्यात बायपोलरचा संशय घ्यावा असं मला फारसं काही दिसत नाही. उलट ज्या दोन गोष्टींनी तुम्ही घाबरलात, त्याच मला त्या आजारापासून लांब नेतात. एक म्हणजे तो लहानपणापासून तापट आहे. दुसरी म्हणजे अर्ध्या तासाने तो हसत येतो.

बायपोलर हा एपिसोडचा आजार आहे. माणूस काही दिवस किंवा काही आठवडे वेगळाच होतो आणि मग पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येतो. निदानाच्या निकषांत मॅनियासाठी, म्हणजे मूड आणि उत्साह बेफाम चढण्यासाठी, किमान सात दिवस, त्याहून सौम्य अशा हायपोमॅनियासाठी चार दिवस आणि डिप्रेशनसाठी दोन आठवडे सांगितले आहेत. तेही दिवसातला बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज. (मॅनिया इतका तीव्र असला की रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर सात दिवस मोजत बसत नाहीत.) सकाळी डब्यात भेंडी दिली म्हणून आदळआपट, दुपारी शाळेतून खुशीत घरी, संध्याकाळी मोबाईल काढून घेतला म्हणून थयथयाट. यात दिवसभरात तीनदा मूड बदलला, पण प्रत्येक वेळी त्याला काहीतरी निमित्त होतं आणि निमित्त सरलं की मूडही सरला. मॅनियातला मूड असा परत जागेवर येत नाही. त्याला निमित्त लागत नाही, आणि आईने जवळ घेतलं, हवं ते दिलं, तरी तो उतरत नाही.

मग इंटरनेटवरच्या याद्या का जुळतात? त्यामागे एक इतिहास आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत काही डॉक्टरांनी असं मांडलं की लहान मुलांतला मॅनिया मोठ्यांसारखा दिसत नाही, तो सततच्या तीव्र चिडचिडीच्या रूपात दिसतो. विचार पसरला. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात तिथे मुलांच्या बाह्यरुग्ण भेटींमध्ये बायपोलर हे निदान सुमारे चाळीस पटींनी वाढलं. एवढ्या थोड्या वर्षांत कुठलाही आनुवंशिक आजार चाळीस पट वाढत नसतो, वाढली होती ती निदानाची सवय. पुढे तिथल्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत एलन लायबेनलुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सतत चिडणाऱ्या मुलांचा वेगळा अभ्यास केला. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यात मॅनिया क्वचितच दिसला. दिसलं ते डिप्रेशन आणि चिंताविकार. त्यातूनच २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेमध्ये 'डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर' हे स्वतंत्र निदान आलं: आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा उद्रेक, मधल्या काळातही मूल चिडलेलंच, वर्षभर टिकणारं, घर-शाळा-मित्र यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसणारं, आणि सुरुवात दहा वर्षांच्या आतली. ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर मुलांमध्ये चिडचिडीला मॅनियाचा मुख्य निकष मानूच नये, अशी भूमिका घेतली.

चिडचिड ही तापासारखी असते. ताप मलेरियातही येतो आणि टॉन्सिल्स सुजल्यावरही. तो आलाय म्हणजे काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं, काय ते नाही.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे. लहान वयात हा आजार असतो का? असतो, पण दहा वर्षांच्या आत खरा मॅनिया फार विरळा. वयात येण्याच्या काळापासून प्रमाण वाढतं आणि बहुतेकांचा पहिला ठळक एपिसोड किशोरवयाच्या उत्तरार्धात किंवा विशीच्या सुरुवातीला येतो. म्हणून दहा वर्षांच्या मुलाबद्दल मला कुणी बायपोलर म्हणून सांगितलं तर मी ती शक्यता सर्वांत शेवटी ठेवतो. चौदा-पंधराच्या मुलाबद्दल सांगितलं तर खुर्ची पुढे ओढून ऐकतो.

खरा मॅनिया त्या वयात कसा दिसतो, ते एका मुलीवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नववीतली मुलगी. अबोल, नीटनेटकी, उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी. दिवाळीनंतर महिना-दीड महिना ती मलूल होती. घरी आली की पडून राहायची, जेवण कमी, मैत्रिणींचे फोन उचलेना. घरच्यांना वाटलं अभ्यासाचा ताण. मग फेब्रुवारीत एका आठवड्यात सगळं पालटलं. रात्री दोनला उठून तिने कपाट रिकामं केलं, सगळ्या वह्यांना नवी कव्हरं घातली आणि पहाटे चारला आंघोळ करून, गणवेश घालून बसली. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. दिवसा ना डुलकी, ना जांभई. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर मेसेज. मग थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन तिने सांगितलं, "आपल्या शाळेचं वेळापत्रक चुकलंय, मी नवं करून आणलंय." ते समजावून सांगताना वेळापत्रकावरून क्रीडांगणावर, क्रीडांगणावरून चांद्रयानावर आणि तिथून आजीच्या गावच्या विहिरीवर अशी उडत गेली की सरांना धागाच लागेना. आईने "जरा पड गं" म्हटलं तर अंगावर धावून गेली. घरच्यांनी बाहेरचं काही असेल म्हणून आधी देवऋष्याकडे नेलं आणि मग नातेवाइकांतल्या एका नर्सने आग्रह धरला म्हणून ते माझ्याकडे आले. वडिलांच्या सख्ख्या आत्याची विहिरीत जीव देण्याची गोष्ट मला तिसऱ्या भेटीत कळली.

तिच्या चिडण्याकडे घरच्यांचं लक्ष सर्वांत जास्त होतं, कारण त्याचाच त्रास होत होता. मला मात्र निर्णायक वाटली ती झोप.

झोपेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पालकांना घरबसल्या पाहता येणारी आणि डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडणारी ही एकच खूण आहे. झोप न लागणं आणि झोपेची गरजच न उरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चिंता करणारं मूल अंथरुणात कुशी बदलत राहतं आणि दुसऱ्या दिवशी पेंगतं. मोबाईलवर रात्री एकपर्यंत जागणारं मूल सकाळी उठता उठत नाही, रविवारी बारापर्यंत झोपून भरपाई करतं. मॅनियातलं मूल तीन-चार तास झोपून किंवा अजिबात न झोपता ताजंतवानं असतं, आणि हे एक दिवस नाही, ओळीने तीन-चार दिवस चालतं. रविवारी झोपून भरपाई हा प्रकार नसतो, कारण त्याच्या शरीराला थकवा जाणवतच नाही. तुमचं मूल आधी आठ-नऊ तास झोपायचं आणि या आठवड्यात चार तासांत भागतंय, वर दिवसभर धावतंय, असं दिसलं तर वाट पाहू नका.

दुसरी खूण म्हणजे प्रसंगाला न शोभणारा, न ओसरणारा आनंद. मुलं हसतात, खिदळतात, सहलीच्या आदल्या रात्री झोपत नाहीत, ते सगळं ठीकच. पण आजोबांच्या दहाव्याला, सगळे गप्प असताना, मूल हास्याच्या उकळ्या फोडतंय आणि थांबवता थांबत नाही. आणि तसंच ते गेले चार दिवस आहे, तेव्हा दखल घ्यायची. तिसरी खूण म्हणजे स्वतःबद्दलचा अवास्तव फुगारा. सात वर्षांचा मुलगा टॉवेल पाठीला बांधून "मी शक्तिमान" म्हणतो, तो खेळ. आई जेवायला बोलावते तेव्हा तो टॉवेल सोडून पानावर येतो. आजारी मूल त्या समजुतीप्रमाणे वागतं: गच्चीच्या कठड्यावर चढतं, वर्गशिक्षकांना कामावरून काढून टाकल्याचं सांगतं, "मला परीक्षा द्यायची गरज नाही" म्हणून खरोखरच पेपर कोरा ठेवून येतं. बोलण्याचा वेग, विचारांची पळापळ, पैशांची उधळण, अनोळखी माणसांशी अतिसलगी, धोक्याची जाणीव जाणं, हे सगळं यांच्याच जोडीने येतं. एकएकटं आलं तर त्याला फार अर्थ नाही, एकाच वेळी आणि एकाच आठवड्यात आलं तर आहे.

लैंगिक स्वरूपाचं बोलणं किंवा वागणं एकाएकी वाढणं ही मॅनियाची एक नोंदलेली खूण आहे. मात्र लहान मुलात ते दिसलं तर माझ्या मनात पहिला प्रश्न आजाराचा येत नाही. कुणी त्याच्याशी काही केलंय का, काही दाखवलंय का, हे आधी पाहावं लागतं. मुलाला न रागावता, खोदून खोदून न विचारता, डॉक्टरांना एकांतात सांगा. शोषणाचा संशय असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्ह्याची माहिती देणं बंधनकारक आहे.

तुमच्या मुलाची अखंड बडबड आणि एका जागी न बसणं याकडे येतो. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) आणि मॅनिया यांची बरीच लक्षणं एकसारखी दिसतात: चळवळ, बडबड, लक्ष न टिकणं, मध्येच बोलणं. फरक काळात आहे. एडीएचडी बालवाडीपासून असतो, जूनमध्ये असतो, डिसेंबरमध्ये असतो, मामाच्या गावीही असतो. बाईंनी पहिलीत जी तक्रार केली तीच पाचवीत करतात. मॅनियात आई-बाबा तारीख सांगू शकतात: "संक्रांतीपर्यंत बरा होता." एडीएचडीच्या मुलाला स्वतःबद्दल फार मोठं वाटत नाही, उलट सतत बोलणी खाऊन त्याचा आत्मविश्वास खचलेला असतो. दोन्ही आजार एकाच मुलात असू शकतात, हेही खरं. अशा वेळी पाहायचं ते एवढंच की नेहमीच्या चळवळीवर काही नवीन चढलंय का.

घराण्याचा मुद्दा. आई किंवा वडील यांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात पाच ते दहा. सर्वसाधारण लोकांत ती शंभरात एकाच्या आसपास. काका, मामा, मावशी, आत्या यांच्या आजाराने वाढणारी जोखीम आई-वडिलांच्या आजारापेक्षा बरीच कमी. म्हणजे आई किंवा वडिलांना आजार असलेल्या शंभर मुलांतसुद्धा नव्वद किंवा त्याहून अधिक मुलांना हा आजार होत नाही, आणि तुमचा मुलगा त्याहूनही सुरक्षित गटात आहे. पण एक काम करा. दोन्ही बाजूंच्या घराण्याची चौकशी नीट करा. आपल्याकडे आजार आजाराच्या नावाने सांगत नाहीत. "मोठे काका मधूनमधून घर सोडून जायचे", "आजीच्या अंगात यायचं आणि मग महिनाभर ती उठायची नाही", "मामाने एका वर्षात जमीन फुंकून टाकली", "ती विहिरीत पडली", अशा वाक्यांत तो असतो. कधी त्या वाक्यांत दारू असते, कधी नुसतंच दुःख. सगळं लिहून काढा, अर्थ डॉक्टरांना लावू द्या.

आणि हे फार कमी पालकांना कुणी सांगतं: ज्या मुलांना पुढे बायपोलर होतो, त्यांच्यात सुरुवातीची चिन्हं बहुधा मॅनियासारखी नसतात. बायपोलर असलेल्या पालकांच्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारे अभ्यास झाले आहेत. कॅनडात ॲन डफी यांचा, अमेरिकेत पिट्सबर्गचा, तसंच नेदरलँड्समधला. कॅनडातल्या अभ्यासात दिसलेला क्रम साधारण असा: लहानपणी झोपेच्या तक्रारी आणि चिंता, वयात येताना मूडचे छोटे चढउतार, मग किशोरवयात डिप्रेशन, आणि त्यानंतर काही वर्षांनी पहिला मॅनिया किंवा हायपोमॅनिया. ही चिन्हं बायपोलरचीच असतात असं नाही. चिंता करणाऱ्या बहुतेक मुलांना तो कधीच होत नाही. तरीही ज्या घरात हा आजार आहे तिथे आदळआपट करणाऱ्या मुलावर सगळ्यांचे डोळे असतात आणि कोपऱ्यात बसून नखं खाणाऱ्या, पोट दुखतंय म्हणून शाळा चुकवणाऱ्या बहिणीकडे कुणी पाहत नाही. तिच्या चिंतेवरही उपचार व्हायला हवेत. बायपोलर टळो न टळो, चिंता तर बरी होईल.

किशोरवयातल्या डिप्रेशनबद्दल विशेष जपून राहा. ते अचानक उतरलं असेल, सोबत भास किंवा विचित्र समजुती असतील, मूल दिवसदिवस झोपून राहत असेल, हातपाय शिसं भरल्यासारखे जड वाटतात म्हणत असेल, आणि घराण्यात बायपोलर असेल, तर डॉक्टरांना ही माहिती पहिल्याच भेटीत द्या. कारण अशा मुलाला नुसती डिप्रेशनविरोधी गोळी दिली तर क्वचित मूड दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. गोळी देऊच नये असा याचा अर्थ नाही. माहिती असली की डॉक्टर वेगळं औषध निवडतात, डोस हळू वाढवतात आणि लवकर परत बोलावतात. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत झोप कमी होऊन मूल एकदम भरारलं तर मनाने गोळी बंद करून बसू नका, त्याच दिवशी फोन करा.

शारीरिक कारणंही तपासून घ्यावी लागतात: थायरॉईड, आकडीचे काही प्रकार, डोक्याला मार. सूज येणाऱ्या किडनीच्या आजारासाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइड चालू असेल तर त्यानेही मूड हलू शकतो. दम्यात आणि ॲलर्जीत सर्रास दिली जाणारी माँटेलुकास्टची गोळी काही मुलांत झोप आणि वागणं बिघडवते, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. ॲडेनॉइड्स (नाकामागच्या गाठी) वाढून रात्रभर घोरणारं मूल दिवसा चिडतंच. मोठ्या मुलांत गांजा, व्हाइटनर हुंगणं याबद्दल विचारावं लागतं, खेड्यातही.

आता या आठवड्यापासून तुम्ही काय करायचं. एक साधी वही घ्या आणि तीन-चार आठवडे रोज रात्री चार-पाच ओळी लिहा. मत लिहू नका, दिसलं ते लिहा. "आज फार त्रास दिला" याने मला काही कळत नाही. असं लिहा: "मंगळवार. साडेनऊला आडवा, दहाला झोप. सहाला उठवलं, कुरकुर केली. साडेपाचला मराठीच्या निबंधावरून भडकला, कंपास फेकली, वही फाडली. पंचवीस मिनिटं. मी खोलीबाहेर गेले, आपोआप शांत झाला. जेवताना नेहमीसारखा." अशी वीस पानं एकापुढे एक ठेवली की कधी कधी निदान आपोआप वर येतं. समजा वीसपैकी तेरा-चौदा उद्रेक लिहिण्याच्या कामावरून आहेत आणि तोंडी उत्तरं मात्र तो धडाधड देतो. मग मी मूडचा विचार बाजूला ठेवून आधी अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घेईन. दहा वर्षांची हुशार मुलं, ज्यांना लिहिता येत नाही आणि का येत नाही हे कळत नाही, ती भयंकर चिडतात. समजा उद्रेक फक्त शाळेच्या दिवशी, व्हॅनमधून उतरल्यावर होतात. मग व्हॅनमध्ये काय होतंय ते पाहू. वहीत एखादा असा आठवडा निघाला की ज्यात झोप निम्मी, उत्साह दुप्पट आणि उद्रेकांना निमित्तच नाही, तर तो आठवडा मला हवा आहे.

मुख्य म्हणजे तुलना इतर मुलांशी करू नका, मोठ्या भावाशी नाही, शेजारच्या मुलाशीही नाही. तुलना त्याच्या स्वतःशी करा. गेल्या वर्षीचा तो आणि आत्ताचा तो. वर्गशिक्षकांनाही एवढंच विचारा, "याच्यात गेल्या काही आठवड्यांत काही बदल वाटतो का?" शाळेत आजाराचं नाव घ्यायची आज काहीही गरज नाही.

आत्ताच औषध सुरू केलं तर पुढचं टळेल का? नाही. आजार झालेलाच नसताना औषध देऊन तो टाळता येतो याला आधार नाही, आणि ही औषधं फुकटची नाहीत. लिथियमसाठी रक्तातली पातळी, थायरॉईड, किडनी वारंवार तपासावी लागते. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते. व्हॅल्प्रोएट मुलींना देणं शक्यतो टाळतो, कारण पुढे गर्भारपणात बाळाला गंभीर व्यंगं येण्याचा धोका असतो. पण हीच औषधं, खरा मॅनिया असेल तेव्हा, मुलाचं वर्ष आणि कधी जीव वाचवतात. लिथियमचा मॅनियावरचा परिणाम ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये नोंदला, आणि आज अमेरिकेत ते सात वर्षांपासूनच्या मुलांसाठी मान्य आहे. निदान पक्कं झाल्यावर "एवढ्या लहान वयात गोळ्या नकोत" म्हणून टाळणं तितकंच नुकसानीचं. नववीतली ती मुलगी तीन आठवड्यांत झोपायला लागली, दहावीची परीक्षा तिने वेळेवर दिली. औषध अजून चालू आहे.

औषधाशिवाय करण्यासारखं बरंच आहे आणि ते तुमच्या मुलाला निदान कुठलंही निघालं तरी लागू पडेल. झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली, सुट्टीतसुद्धा तासाभराहून जास्त इकडेतिकडे नाही. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत, आई-बाबांचाही. उद्रेक चालू असताना उपदेश नाही, धपाटा नाही, शिक्षा ठरवणं नाही. कमी शब्द, सुरक्षित अंतर आणि शांत झाल्यावर बोलणं. घरातल्या मोठ्यांची भांडणं मुलासमोर नाहीत. जोखीम असलेल्या मुलांसाठी अमेरिकेत डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी कुटुंबाला बरोबर घेऊन करायची जी उपचारपद्धती बसवली, तिचा भरही आजाराची माहिती, घरातलं बोलणं आणि अडचण सोडवण्याची सवय यांवरच आहे.

कधी थांबायचं नाही, तेही लिहितो. मूल मरणाचं बोललं, स्वतःला इजा केली, कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणालं, किंवा दोन-तीन रात्री न झोपता भरारलेलं असेल, तर वही राहू द्या, त्याच दिवशी दाखवा. शंका असेल तर सरळ विचारा, "तुला जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, आलेला असेल तर बोलायला वाट मिळते. घरातल्या गोळ्या, काकांचं लिथियमसुद्धा, कुलुपात ठेवा. लिथियमचा जास्त डोस जीवघेणा असतो. शेती असेल तर फवारणीचं औषध घरात मुळीच नको.

दाखवायचं कुठे? शहरात बालमानसोपचारतज्ज्ञ मिळतात. नसतील तिथे जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य कक्ष गाठा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे गेलं म्हणजे दाखलच करतात असं नाही. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं असं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक, मराठीतही बोलता येतं.

शेवटचा प्रश्न, काकांबद्दल सांगावं का. सांगा. त्याला बहुतेक काहीतरी माहीत आहेच, कारण "काकावर गेलाय" हे वाक्य तो ऐकतोय. त्याच्या कानावर ते असं पडतंय की काका वाईट आणि मीही वाईट. सासूबाईंना एकट्यात, मान राखून सांगा की हे त्याच्यासमोर बोलू नका. आणि मुलाला सांगा: "काकांना मेंदूचा एक आजार आहे. त्यात कधी झोप उडते आणि खूप जोर येतो, कधी अगदी उदास वाटतं. ते रोज गोळी घेतात म्हणून कामावर जातात, तुला गणपतीला बाप्पा आणायला नेतात. तू चिडतोस ते वेगळं आहे, ते का होतं ते आपण डॉक्टरांना विचारणार आहोत." दहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. पुढचं तो स्वतः विचारेल.

दिरांशीही बोला. पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा वय काय होतं, त्याआधी झोप कशी होती, आधी उदासी आली की आधी जोर, कुठलं औषध लागू पडलं, कुठल्याने बिघडलं. लिथियम लागू पडण्याचा गुण घराण्यात उतरताना दिसतो, त्यामुळे ही माहिती पुढे कुणाला लागलीच तर मोलाची ठरते. त्यांची हरकत नसेल तर वहीच्या शेवटच्या पानावर हे सगळं लिहा आणि पहिल्या भेटीला ती वही, शाळेचं प्रगतिपुस्तक आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन जा.